वादळ अजून किनाऱ्याला लागलं नाही, तोवर नुकसानीचा आकडा येतोच कसा?

सातरस्त्यावरचा: अमेरिकेत हरिकेन (तिकडचं चक्रीवादळ) फ्लोरिडाला धडकायच्या आधीच टीव्हीवर पट्टी फिरायलीय, इतक्या अब्ज डॉलरचं नुकसान होणार म्हणून. आपल्याकडं वादळ जाऊन पंधरवडा झाला तरी पंचनाम्याला कुणी फिरकत नाही. माझं स्पष्ट मत, हे आधीचे आकडे म्हणजे विमा कंपन्यांचा हिशोब, लोकांचं काय गेलं ते नाही, कंपनीच्या खिशातनं किती जाणार तेवढंच. सरकारी आकडेबी तसलेच. २०२० ला अम्फान आलं, बंगाल सरकारनं १ लाख कोटीच्या वर सांगितलं, केंद्रानं लगेच दिले १ हजार कोटी. मागणारा फुगवतोय, देणारा दाबतोय. बोला.

पुण्यातला सोलापूरकर: दादा अर्धवट माहितीवर बोलायलाव. मी याच लाइनीत काम करतो. आधीचा आकडा संगणकावरच्या मॉडेलमधनं येतोय. त्यात वाऱ्याचा वेग, पाणी किती आत शिरंल, तिथं घरं किती आन कसली, कुठल्या वाऱ्याला कसलं घर किती मोडतंय, हे सगळं घालून हजारो काल्पनिक वादळं चालवून बघतेत. १९९२ च्या अँड्र्यू वादळापर्यंत बऱ्याच कंपन्या मागच्या वर्षांची सरासरी धरून चालायच्या, मधली वर्षं शांत गेलेली आन किनाऱ्यावर बंगले वाढत गेलेले, सरासरीत ते दिसणार कुठनं? अँड्र्यूत १५ अब्ज डॉलरच्या वर क्लेम आले, दहाच्या आसपास कंपन्या बुडाल्या. आधीचा आकडा म्हणजे ज्योतिष नाही ओ, पैसा तयार ठेवायची सोय हाय.

डाळिंबवाला सांगोला: सोय कुणाची पण? कतरिना वादळाला (२००५) १२५ अब्ज डॉलर म्हणतेत, त्यात न्यू ऑर्लिन्स बुडालं ते बंधारे फुटून. आन तिथं घराच्या साध्या पॉलिसीत पूर बसतच नाही, त्याचा विमा वेगळा. मग घर वाऱ्यानं पडलं का पाण्यानं, यावर लोकं वर्षानुवर्षं कोर्टात. घर तर गेलंच ना

दिवेआगरची लेक: सगळे डॉलरमध्येच बोलताय म्हणून लिहिते. मी आता जुळे सोलापुरात, माहेर दिवेआगर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमची वाडी, म्हणजे सुपारीची बाग, १० गुंठे. फळबागेला सरकारी मदत हेक्टरी १८ हजाराची ५० हजार केली, पेपरात केवढी मोठी बातमी. हेक्टर म्हणजे जवळजवळ १०० गुंठे, म्हणजे आमच्या वाट्याला ५ हजार. आडव्या पडलेल्या सुपाऱ्या तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त झाली. एक सुपारी पडली की तिच्यावर चढवलेला मिरीचा वेल जातो, खाली जायफळ असेल तर तेही मोडतं, पंचनाम्यात मात्र एकच झाड. नवीन सुपारी धरायला पाच-सात वर्षं, तोवरचं उत्पन्न कुठल्या रकान्यात लिहायचं?

पुण्यातला सोलापूरकर: ताई त्याला रकाना हाय की. फनीनंतर (२०१९) ओडिशात मोडतोड वेगळी आन बुडणारं उत्पन्न वेगळं मोजलं, दोन्ही मिळून २४ हजार कोटींच्या आसपास.

सातरस्त्यावरचा: मोजलं ओ, पण त्या रकान्याप्रमाणं पैसे कुणाला मिळाले? आपत्ती निधीतनं मिळते ती मदत, भरपाई नव्हं, हे सरकार स्वतःच सांगतंय.

उगाच एक शंका: सोलापूरला समुद्र कधी आला रे? हिप्परगा तलावात हरिकेन आलं काय 😂

डाळिंबवाला सांगोला: हसा. ऑक्टोबर २०२० इसरलाव का? बंगालच्या उपसागरातलं डिप्रेशन (वादळाच्या खालचा कमी दाब) काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागलं, हैदराबाद बुडवून आपल्याकडं आलं, पंढरपुरात घाटाची भिंत पडून सहा माणसं गेली. अमेरिकेतल्या हेलीन वादळाचं (२०२४) बी तसंच, लागलं फ्लोरिडाला आन झोडपलं उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरात. किनाऱ्यापुरतंच मोजायचं ही गोष्टच चूक हाय.

पुण्यातला सोलापूरकर: हे मान्य. पण पंचनाम्याला पर्याय हाय ना. कॅरिबियन बेटांनी २००७ मधी मिळून फंड केला, वाऱ्याचा नायतर पावसाचा ठरलेला आकडा ओलांडला की पैसे, चौदा दिवसात. घरोघर जाऊन मोजायची भानगडच नाही.

डाळिंबवाला सांगोला: तसला विमा मी काढतोय ओ, हवामान आधारित फळपीक विमा म्हणतेत त्याला. अख्ख्या महसूल मंडळाला पर्जन्यमापक एक. पाऊस माझ्या बागेत पडतोय, फुलं गळून खाली सडा पडतोय, यंत्र दहा किलोमीटरवर कोरडं ठाक. यंत्राच्या हिशोबानं माझ्याकडं पाऊसच नाही. कॅरिबियनमधी पैसे सरकारला जातेत, तिथल्या बागवाल्याला किती पोचतेत ते सांगा आधी.

पुण्यातला सोलापूरकर: यंत्रं वाढवा मग, पद्धत कशाला मोडता.

दिवेआगरची लेक: आणि यंत्रं वाढेपर्यंत हेक्टर सोडून झाडावर मोजा, वेलासकट. त्याला मॉडेल लागत नाही.