गर्दीच्या वॉर्डात मदत मागण्याचा संकोच वाटतो. पुढच्या वेळी काय करावे?

प्रश्न

अपेंडिक्स फुटल्यामुळे तातडीची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर मी नऊ रात्री सर्जिकल वॉर्डात काढल्या. सर्व खाटा भरलेल्या असल्याने माझी खाट दोन ओळींमधल्या वाटेत लावली होती. तेथे बेल नव्हती, ऑक्सिजनची जोडणी नव्हती आणि पडदाही नव्हता. ड्रेसिंग बदलताना सिस्टर शेजारच्या खाटेचा पडदा माझ्यापर्यंत जेमतेम ओढून घेत. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीचा धक्का खाटेला लागे आणि टाक्यांतून कळ उठे.

हे सारे सोसता आले. मला सलते ते वेगळेच आहे. चौथ्या रात्री थंडी वाजून ताप भरला, तरी सकाळच्या राऊंडपर्यंत मी कोणालाही सांगितले नाही. समोरचे वृद्ध गृहस्थ धापा टाकत होते, रात्रपाळीच्या दोन्ही सिस्टर त्यांच्याजवळून हलू शकत नव्हत्या, आणि अशा वेळी आपल्या तापासाठी हाक मारणे मला अपराधासारखे वाटले. सकाळी पाहिले तेव्हा जखमेत पू झालेला होता. दोन महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी मला त्याच वॉर्डात जायचे आहे. हा संकोच कसा आवरावा?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे सर्जिकल वॉर्डात परिचारिका आहे. तुमचा ताप रात्रीच कळायला हवा होता, आणि तो कळला नाही याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. वॉर्ड भरला की जो कण्हतो त्याच्याकडे आमचे पाय आधी वळतात, आणि जो डोळे मिटून शांत पडला आहे त्याला झोप लागली असे आम्ही धरून चालतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणजे जितकी गर्दी जास्त, तितकी तुमच्या सांगण्याची आम्हाला गरज जास्त.

उशी, पाणी, घरी कधी सोडणार हा प्रश्न, हे थांबू शकते. थंडी वाजून ताप, नव्याने सुरू झालेले दुखणे, ड्रेसिंग भिजणे, लघवी न होणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही थांबू शकत नाही. विशेषतः श्वासाकडे लक्ष ठेवा: प्रौढ माणूस विश्रांतीत असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, आणि तो आकडा २५ किंवा त्याहून वर गेला तर आम्ही ती गंभीर खूण मानतो. प्रकृती ढासळण्याची सुरुवात पुष्कळदा येथेच दिसते, आणि घाईत मोजायची राहून जाते तीही हीच गोष्ट. सांगताना 'बरे वाटत नाही' एवढेच म्हणू नका. 'अर्ध्या तासापासून थंडी वाजते आहे आणि जखमेची डावी बाजू ठणकते आहे' असे सांगितलेत, तर दुसऱ्या रुग्णाजवळ उभी असतानाही मला निर्णय घेता येतो.

प्रतिसाद २

माझीही खाट वाटेत होती. शेजाऱ्याची बेल माझ्या हाताला येत नव्हती, म्हणून मला काही झाल्यास त्याने ती दाबावी आणि रात्री त्याच्या श्वासाकडे मी लक्ष द्यावे, असे आम्ही ठरवले. स्वतःसाठी हाक मारायला जो माणूस कचरतो, तो दुसऱ्यासाठी सहज मारतो. आणखी एक: ड्रेसिंगपूर्वी 'हात स्वच्छ केलेत ना?' असे नम्रपणे विचारायला कचरू नका. एवढ्या दाटीत एका रुग्णाचा जंतू दुसऱ्याकडे जातो तो पुष्कळदा हातांवरूनच.

प्रतिसाद ३

डॉक्टर म्हणून थोडेसे. गर्दी केवळ रुग्ण जास्त असल्याने होत नाही. नवे रुग्ण दिवसरात्र येत राहतात, तर घरी सोडलेल्यांच्या खाटा अहवाल, औषधे आणि कागदपत्रे यांच्या प्रतीक्षेत दुपारपर्यंत अडून राहतात. ब्रिटनमधील संशोधकांनी १९९९ मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे दाखवले होते की सरासरी ८५ टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या असल्या, तर आलेल्या रुग्णाला खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो. तुमची शस्त्रक्रिया पूर्वनियोजित आहे, म्हणून दाखल होण्यापूर्वीच बेल आणि ऑक्सिजन असलेल्या खाटेची मागणी लेखी नोंदवा. मिळेलच असे आश्वासन मी देऊ शकत नाही, परंतु मागील वेळचा जखमेचा संसर्ग हे त्यासाठी सबळ कारण आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. मागणी उद्याच लेखी देतो, आणि तरीही वाटेतलीच खाट मिळाली तर बेल नसल्याचे पहिल्या तासातच सांगेन. रात्री हाक मारणे मला अजूनही जड जाईल, हे मी जाणतो. म्हणून दाखल होतानाच सिस्टरना सांगून ठेवणार आहे की मी गप्प राहणारा रुग्ण आहे, तेव्हा रात्रीच्या फेरीत मी शांत दिसलो तरी मला एकदा विचारून पुढे जावे.