नववीतल्या मुलाची 'कम्युनिटी सर्व्हिस': नेमकं काय करायचं?

नववीची आई (ठाणे)

नमस्कार मंडळी. मुलगा इथल्या एका कॅथलिक शाळेत नववीला आहे, बोर्ड आयसीएसई. मागच्या आठवड्यात डायरीत चिठ्ठी आली: 'कम्युनिटी सर्व्हिस'साठी संस्था पालकांनीच शोधायची, वर्षभरात तास भरायचे, संस्थेचा सही-शिक्का आणि फोटो फाइलला लावायचे. टीचरना विचारलं तर म्हणाल्या, "ओल्ड एज होम, अनाथाश्रम, एनी प्लेस, काहीही चालेल." त्या 'काहीही'नेच माझी झोप उडाली आहे.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईने तर सरळ लिहिलं की तिच्या ओळखीत एक ट्रस्ट आहे, देणगी दिली की सगळे तास एकदम लिहून मिळतात. लगेच चारपाच जणींचे "मलाही नंबर पाठव" सुरू. मला ते करायचं नाहीये. पण शनिवारी क्लास, रविवारी क्लासची टेस्ट, त्यातून वेळ काढायचा तर निदान पोराला काही कळावं तरी.

घरात आणखी एक आघाडी उघडली आहे. सासूबाई विचारतात, "नातवाला चर्चच्या कामाला जुंपणार का?" आणि स्वतः चिरंजीव फार बुजरे. वाचन भरपूर, अक्षर सुंदर, पण अनोळखी माणूस समोर आला की तोंडाला कुलूप. "मी आजी-आजोबांशी बोलू काय?" हा त्याचा प्रश्न. कोणी अनुभवी असेल तर सुचवा.

दोन मुलांचा बाप

बोर्डापुरतं सांगतो. आयसीएसईत एसयूपीडब्ल्यू (समाजोपयोगी उत्पादक कार्य) आणि कम्युनिटी सर्व्हिस हे अंतर्गत आहे, श्रेणी शाळाच देते. पण ती श्रेणी उत्तीर्णची नसेल तर दहावीचं प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे दुर्लक्ष करू नका, आणि धसकाही घेऊ नका. माझ्या थोरल्याच्या वेळी शाळाच मुलांना घेऊन जायची. तुमच्या शाळेने ते अंगावरून झटकलंय असं दिसतं.

वसईचा मास्तर

ताई, मी वसईतल्या कॅथलिक शाळेत शिकवून निवृत्त झालो. समाजसेवेचा विभाग बरीच वर्षं माझ्याच गळ्यात होता, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी सासूबाईंचं. संविधानाच्या 28व्या कलमात स्पष्ट आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आमच्याकडे कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जायची तेव्हा बाकीची मूल्यशिक्षणाला बसायची. समाजसेवेला मात्र सगळी एकत्र, वाडीतली, पाड्यावरची, मोहल्ल्यातली. तेव्हा सासूबाईंना सांगा, नातू मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) नाही, कामाला चाललाय.

पण या शाळांना सेवेचं एवढं का, हा प्रश्न रास्त आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे प्रार्थना किती केल्या हे कोणी विचारत नाही. भुकेल्याला जेवू घातलं का, आजाऱ्याच्या समाचाराला गेलात का, हे विचारलं जातं. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे त्या वेळचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे 1973 मध्ये स्पेनमधल्या वालेन्सिया शहरात आपल्याच माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हेच आमच्या शिक्षणाचं काम, असं त्यांनी सांगितलं. वर, तुम्हाला आम्ही न्यायासाठी घडवलं का, असं स्वतःलाच विचारून 'नाही' असं उत्तरही दिलं. समोर बसलेल्या बड्या घरच्या मंडळींपैकी काहींना ते चांगलंच झोंबलं. जगभरच्या जेझुइट शाळा-कॉलेजांत आज सेवेचा जो आग्रह दिसतो त्याला या भाषणाने मोठा जोर दिला. बाकीच्या धर्मसंघांच्या शाळांतही थोड्याफार फरकाने हेच.

आता मुद्द्याचं. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या धर्मग्रामात, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, तशी ती बहुतेक पॅरिशमध्ये असते. तिचे सभासद जोडीने गरजूंच्या घरी जातात. ही संस्था कोणा बिशपने नव्हे, 1833 साली पॅरिसच्या विद्यापीठातल्या पोरांनी काढली. त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक ओझानाम तेव्हा नुकता 20 वर्षांचा झाला होता. वादसभेत कोणीतरी टोमणा मारला की तुमचा धर्म पूर्वी काय करायचा ते पुरे, आज काय करतो ते दाखवा. पोरांना करायचं होतं, पण काय ते कळेना. मग ती गेली रोझाली रेंदू या सिस्टरकडे. पॅरिसच्या झोपडवस्तीत तिची हयात गेली होती. कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे तिला ठाऊक होतं, तिने पत्ते दिले.

तुम्हीही तेच करा. मुलाला घेऊन संस्थेत जा आणि 'आम्ही अमुक करणार' न म्हणता 'तुम्हाला काय हवंय' असं विचारा. आमच्या शाळेची पहिली पद्धत म्हणजे नाताळच्या आधी वृद्धाश्रमात बिस्किटांचे पुडे, एक समूहगीत, फोटो, बस परत. एकदा सिस्टरनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, बिस्किटं नका आणू, निम्म्या लोकांना साखर आहे. आणि डिसेंबरात तर तुम्ही सगळेच येता. जुलैत कोणी येतं का?" त्यांना हवं होतं ते वेगळंच. मोबाइलमधले नंबर मोठ्या अक्षरांत वहीत उतरवून देणारं कोणी. संध्याकाळी व्हीलचेअर अंगणात नेणारं कोणी. आणि बुधवारी वाल सोलणारं कोणी, कारण गुरुवारी बिरडं.

तुमच्या बुजऱ्या मुलाला हे वाल मी मुद्दाम सुचवतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, मधे परात, भोवती सगळे. आमचा एक पोरगा असाच मुखदुर्बळ होता. वाल नखाने खरवडत बसला. शेजारच्या आजीने त्याचा हात धरला, "अरे खरवडतोस काय, चिमटीत धर नि बुडाशी दाब, आपोआप सुटतो." सुटला. मग तिने विचारलं, घरी कोण सोलतं? इथून जे सुरू झालं ते परात रिकामी होईपर्यंत. हात गुंतलेले असले की बोलायचं दडपण राहत नाही. समोरासमोर खुर्च्या मांडून 'बोला आता' म्हटलं तर मीसुद्धा गप्प बसेन.

फोटोंचं मात्र शाळेला लेखी कळवा. बालगृहातल्या मुलांची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 ने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फाइलमधला फोटो व्हॉट्सॲपवर जायला किती वेळ लागतो? वृद्धाश्रमातही विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. सही-शिक्का पुरे.

त्या ट्रस्टच्या देणगीबद्दल लिहीत नाही. तोंड खराब होईल.

स्पष्टवक्ता

सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे. तास मोजून कोणी दयाळू झालेलं ऐकलं नाही.

वसईचा मास्तर

गणिताचीही सक्तीच असते हो, म्हणून कोणी हिशेब करायचं सोडलं का? दयाळू होणं न होणं त्याच्यावर. पोरगा निदान त्या दारातून आत जातो, एरवी तो तिथे कधी जाणार होता? तास मोजण्यापेक्षा एकच जागा धरून वर्षभर जा, एवढं मी म्हणेन. दहा संस्था एकेकदा बघणं म्हणजे सहल.

लेखनिक लागणारा

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. मला जन्मापासून दिसत नाही, बँकेत नोकरी करतो, हे सगळं स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतोय. तुमच्या मुलाचं अक्षर सुंदर आहे आणि तो नववीत आहे, हे ऐकून कान टवकारले.

न दिसणाऱ्या मुलांना परीक्षेला लेखनिक लागतो, म्हणजे ते सांगतील ते उत्तर लिहून देणारा. उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेचा हवा. म्हणजे दहावीच्या मुलाला नववीतला किंवा त्याखालचा. पण सातवीतल्या पोराला दहावीच्या विज्ञानातले शब्द झेपत नाहीत, म्हणून सगळ्यांची धाव नववीतल्यांकडे. ऐन फेब्रुवारीत मिळता मिळत नाहीत. तुमचा मुलगा अकरावीत गेल्यावर कितीही दयाळू झाला तरी दहावीवाल्यांच्या उपयोगाचा नाही!

पण आधी ऐका, मग हो म्हणा. तासाला किमान 20 मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. तेवढं बसायची तयारी हवी. माझा एक लेखनिक प्रत्येक दीर्घोत्तरी प्रश्नाला सुस्कारा सोडायचा. तो सुस्कारा ऐकून मी उत्तरं आखडती घ्यायला लागलो. दुसरा हुशार होता, मी सांगितलेलं वाक्य 'सुधारून' लिहायचा. लेखनिकाने सांगितलं तेच लिहायचं, चुकलं असेल तर चुकीचंच. प्रश्न वाचताना गुणही वाचायचे, नाहीतर दोन गुणांच्या प्रश्नाला आम्ही पानभर सांगत बसतो. गणितात कंस कुठे सुरू, कुठे बंद, हे म्हणायलाच हवं. 'एक्स अधिक दोन भागिले तीन' यात तीनने नेमकं कशाला भागायचं हे मला कसं कळणार?

आणि एक व्यावहारिक अडचण. मुलगा इंग्रजी माध्यमातला. मराठी माध्यमाच्या उमेदवाराला तो वेगाने मराठी लिहून देईल का? जोडाक्षराशी अडला तर पेपर गेला. ते जमत नसेल तर इंग्रजी माध्यमाचा उमेदवार घ्या. त्याच्या स्वतःच्या वार्षिक परीक्षेच्या तारखाही आधी पाहा.

वर्षभराचं काम हवं असेल तर तेही आहे. काही मराठी पीडीएफ जुन्या फाँटात असतात, स्क्रीन रीडर त्या वाचताना अक्षरशः बरळतो. अशा नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून देणं हे घरी बसून, क्लास सांभाळून होतं. बोलावं लागत नाही, चिरंजीव खूश. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र 2003 पासून आहे, वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे. तिथे विचारा, ते सांगतील कोणाला काय हवंय. मास्तरांची रोझाली सिस्टर समजा.

नववीची आई

सगळ्यांचे आभार. चिरंजीवांना धागा वाचून दाखवला. वाल सोलायला तयार आहेत, फक्त "आजी ओरडणार नाहीत ना" एवढी अट. लेखनिकाचं ऐकून मात्र एकदम सरसावून बसला. काल चाचणी म्हणून पेपरातला अग्रलेख सांगितला. 'दृष्टिक्षेप' आणि 'शुश्रूषा' इथे गाडी अडली, बाकी ठीक. एवढं चालेल का? आणि सासूबाईंचं मत आता "वाल सोलायला पाठवताय तर आधी घरचे सोलू दे" असं झालंय.

लेखनिक लागणारा

अग्रलेख कशाला, दहावीच्या परीक्षेत ती भाषा येत नाही. राज्य मंडळाचं नववीचं भूगोलाचं पुस्तक घ्या, घड्याळ लावून अर्धा तास सलग सांगा. पंचविसाव्या मिनिटाला त्याचं अक्षर कसं येतंय ते बघा, पहिल्या पानावर सगळ्यांचंच सुंदर असतं. मधे "काय म्हणालात?" असं विचारायला लावा, न विचारता अंदाजाने लिहिणारा नको. जमलं तर शाळेकडून बोनाफाइड आणि ओळखपत्राची प्रत आत्ताच घेऊन ठेवा. परवानगी उमेदवाराची शाळा काढते आणि कागद नेहमी शेवटच्या आठवड्यात मागते.

वसईचा मास्तर

सासूबाईंचं बरोबर आहे. घरच्या वालांवर हात बसू द्या.