विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, पुरतो का? आणि वायफायमधून कोणी घुसू शकतं का?

प्रश्न (खिडकी१०):
घरात एकच पीसी, विंडोज १०, सगळे तोच वापरतात, पोरं गेम्स उतरवतात आणि मी त्यावरच बँकेची कामं करतो. परवापासून कोपऱ्यात "५ व्हायरस सापडले" असं सारखं येतंय, क्लिक केलं की अँटीव्हायरस विकत घ्या म्हणतं. डिफेंडरने फुल स्कॅन केलं, काही निघालं नाही. सोबत दुसरा टाकू का? राउटरला तर लावल्यापासून हात लावलेला नाही.

रात्रपाळी:
व्हायरस वगैरे काही नाही हो, ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे ते. कुठल्यातरी साइटवर कोणीतरी 'अलाऊ' दाबलंय. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी साइट दिसली की उडवा. त्या पॉपअपमधून काही इन्स्टॉल मात्र करू नका, खरा व्हायरस तिथूनच येतो. आणि दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, त्यामुळे डबल संरक्षण वगैरे काही मिळत नाही.

तारजोड:
राउटरचं आधी बघा. अ‍ॅडमिन पासवर्ड (वायफायचा नाही, सेटिंग्जच्या पानाचा) कंपनीतून आलेला तसाच असेल तर आजच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाचं मालवेअर (घातक प्रोग्रॅम) पसरलं ते असलेच ठरलेले पासवर्ड एकामागोमाग लावून बघत, लाखो कॅमेरे आणि राउटर त्यात गेले. मग फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून इंटरनेटवरून राउटरची सेटिंग्ज उघडायची सोय) बंद. यूपीएनपी पण बंद केलेलं बरं, कारण कुठलाही प्रोग्रॅम त्यातून न विचारता पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून घेतो, पण मग एखादा ऑनलाइन गेम कुरकुर करेल, शिव्या खायची तयारी ठेवा :)

जुनाजाणता:
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट्स बंद, त्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? विंडोज ११ चालत नसेल तर निदान जादा मुदतीच्या अपडेट्सना नाव नोंदवा. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायलींना कुलूप घालून पैसे मागणारा प्रोग्रॅम) मे २०१७ मध्ये आलं, ते शिरायची फट बुजवणारा अपडेट, म्हणजे पॅच, मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. पोरांना स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांचं) अकाउंट द्या, क्रॅक केलेले (चोरीचे) गेम्स पूर्ण बंद, आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा, लावलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतं.

खिडकी१०:
एक गेमची साइट निघाली, उडवली, पॉपअप बंद! पण स्टँडर्ड केलं तर दरवेळी पासवर्ड मागेल ना?

जुनाजाणता:
इन्स्टॉल करताना बहुतेक तुमच्या अ‍ॅडमिन अकाउंटचा मागेल, तेच तर हवंय. तुम्ही स्वतः टाईप करा, पोरांना सांगू नका.