'रिपल्शन'मधला तो शेवटचा फोटो हवाच होता का?

निशाचर
परवा कोथरूडला मित्राच्या गच्चीवर पडदा लावून रोमन पोलान्स्कीचा 'रिपल्शन' (१९६५) पाहिला. नंतर टपरीवर भांडण झालं, ते इथे पुढे चालू करतोय. माझं म्हणणं एवढंच की शेवटचा फोटो दाखवायला नको होता.

(पुढे शेवट फोडलाय. पाहिला नसेल तर आत्ताच पळा.)

कॅरोल ही बेल्जियन मुलगी लंडनच्या एका पार्लरमध्ये मॅनिक्युअर करते आणि मोठ्या बहिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. बहिणीच्या मित्राचा टूथब्रश आपल्या ग्लासात दिसला तरी तिला शिसारी येते. बहीण त्याच्याबरोबर इटलीला जाते, ही एकटी उरते. भिंतींना तडे जातात, भिंतींतून हात येतात, दोन पुरुष जिवानिशी जातात. सगळं आटोपल्यावर कॅमेरा हॉलमधल्या सामानावरून फिरत एका जुन्या कौटुंबिक फोटोवर जातो. त्यात लहानगी कॅरोल मागे उभी राहून भलतीकडेच बघतेय.

पावणेदोन तास काही कारण न देता तिच्या डोक्यात बसवलं आणि निघताना हातात चिठ्ठी दिली: लहानपणी काहीतरी झालं होतं. कशाला? तो ससा आठवा. बहिणीने शिजवायला आणलेला सोललेला ससा ताटलीत तसाच पडून राहतो, कुजतो, त्यावर माशा बसतात. बटाट्यांना कोंब फुटतात. किती दिवस गेले हे कोणी तोंडाने सांगत नाही. प्रेक्षकावर एवढा भरवसा असलेल्या माणसाला फोटो का लागावा?

मंदा सहकारनगर
अहो, फोटो काहीच सांगत नाही. मी थांबवून थांबवून पाहिलाय. ती नक्की कोणाकडे बघते हेही ठामपणे सांगता येत नाही. 'लहानपणी काहीतरी झालं' हे तुम्ही घरून आणलंत. शिवाय तो फोटो आधीही दिसून जातो, तेव्हा तुम्ही सशाकडे बघत असणार.

निशाचर
काहीच सांगत नसेल तर कॅमेरा तिथवर फरफटत का नेला? फर्निचरची जाहिरात होती का?

पेठेतला भाडेकरू
फोटो राहू द्या हो. मला तो घरमालक विसरता येत नाही. थकलेलं भाडं मागायला येतो. आत अंधार, वास आणि नाइटीत थिजलेली मुलगी. आधी कुरकुरतो, मग पाणी आणून देतो, आणि मग भाडं माफ करायचा 'दुसरा मार्ग' सुचवतो. माझी बहीण पेठेत पेइंग गेस्ट होती, तेव्हाचे एक मालक 'सहज नळ बघायला' स्वतःच्या किल्लीने आत यायचे. तिच्या मागे लागलेला तो कॉलिन तर दार फोडून येतो आणि वर प्रेमाच्या गोष्टी करतो. हे सगळं समोर घडत असताना बालपण उकरायची गरजच काय?

जुना प्रेक्षक
म्हणून डोकं फोडायचं? कॉलिन बावळट आहे, पण मरावं असं काय केलं त्याने?

पेठेतला भाडेकरू
खुनाचं समर्थन मी कुठे केलं? वाक्य दाखवा.

अस्मि
मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे माझी चिडचिड वेगळी आहे. बहिणीचा मित्र स्वच्छ म्हणतो की हिला डॉक्टरला दाखवा. बहीण म्हणते, ती जरा हळवी आहे. संपला विषय. पार्लरमध्ये गिऱ्हाइकाचं बोट कापलं जातं, तर तिला घरी पाठवतात. पर्समध्ये सशाचं मुंडकं सापडतं, तरी पुढे काही नाही. आपल्याकडे तरी काय होतं? 'एकलकोंडी आहे', 'लग्न झालं की सुधारेल', आणि हाताबाहेर गेलं की येरवड्याचे विनोद. म्हणून मला तो फोटो हवाच. कोणीतरी तो काढला, फ्रेम करून घरात ठेवला, येता-जाता पाहिला, आणि ती मुलगी कोणालाच दिसली नाही.

तक्रार आहे ती घरमालकाला मारते त्या वस्तऱ्याबद्दल. मानसिक आजार असलेली माणसं दुसऱ्यांना मारण्यापेक्षा स्वतः मार खाण्याची शक्यता जास्त असते. पडद्यावर मात्र कायम उलटं.

जुना प्रेक्षक
पैसा काँप्टनवाल्यांचा होता. उत्तान, स्वस्त सिनेमे काढणारी कंपनी. त्यांना भयपट हवा होता, आरोग्य खात्याची माहितीपुस्तिका नव्हे. त्यातून बर्लिन महोत्सवात सिल्व्हर बेअर पुरस्कार मिळवणारा सिनेमा निघाला, हे काय थोडं झालं?

कडू कारलं
आणि दिग्दर्शक कोण, ते सगळे सोयीने विसरलात. १९७७ चं तेरा वर्षांच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण, गुन्हा कबूल, शिक्षा सुनावण्याआधी अमेरिकेतून पोबारा. त्याने दाखवलेल्या लहान मुलीच्या फोटोवर इथे गळे काढताय.

मंदा सहकारनगर
ते खरंच आहे, कोणी झाकत नाहीये. पण कॅरोल झालेल्या कॅथरीन देनेव्हचं काम बघा. फुटपाथला तडा गेलेला दिसतो आणि ती बाकावर बसून त्याच्याकडे बघतच राहते. चेहऱ्यावर काही म्हणजे काही हलत नाही. भिंतींना तडे जायच्या आधीच आपण घाबरतो ते तिच्यामुळे. हे कोणाच्या खात्यात टाकायचं?

कडू कारलं
तिच्याच. तिकिटाचे पैसे मात्र मी देणार नाही.

निशाचर
गाडी फोटोवर आणा. अस्मि, तुमचा मुद्दा मानला तरी तो आधीच मांडून झालाय. शेवटी शेजारचे म्हातारे-म्हाताऱ्या गोळा होतात, तिच्याकडे टकमका बघतात, हात कोणी लावत नाही. बहिणीचा मित्रच तिला उचलून नेतो. कापायचं तिथेच.

अस्मि
शेजारी परके आहेत. फोटोत घरचे आहेत. हा फरक तुम्हाला किरकोळ वाटतो?

निशाचर
सिनेमापुरता, हो.