बोरन्हाणाचे कँडिड फोटो घरच्या घरी कसे काढावेत? मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या रविवारी भाच्याचं पहिलं बोरन्हाण आहे. बाळ दहा महिन्यांचं. फोटोंचं काम आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलंय आणि मला ते मनापासून नीट करायचंय.

बारशाचा अल्बम देखणा आहे, पण त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. बाळ दर फोटोत वेगळ्या मांडीवर आणि मांडीवाले सगळे ताठ. त्या दिवशी आई पदराच्या टोकानं त्याची लाळ पुसत त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होती, आणि तो तिच्या बांगड्या धरायला धडपडत होता. तो फोटो कुठेच नाही. मला यावेळी तसले फोटो हवेत.

कॅमेरा कॅनन २००डी, सोबतची १८-५५ लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८. कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला. हॉल लहान, माणसं पंचवीस तरी. एका बाजूला गॅलरीचं दार, बाकी ट्यूबलाइट.

अडचणी अशा:

बाळाला काळं झबलं आणि त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. घरी काळ्या कपड्यावर हलवा ठेवून बघितलं, तर कापड करडं येतं आणि हलव्याचे काटे दिसतच नाहीत, नुसता पांढरा ठिपका.

बोरं, चुरमुरे डोक्यावरून पडतात तेव्हा ती हवेत दिसायला हवीत, रेघा नकोत. आणि खाली वेचायला झेपावणारी पोरंही हवीत.

सगळ्यात अवघड म्हणजे माणसं. कॅमेरा उचलला की काका पोट आत घेतात, मावशी पदर सारखा करते, आणि चारजणी बाळापुढे टाळ्या वाजवून ‘इकडे बघ, इकडे बघ’ सुरू करतात. कुणाला न दुखावता हे कसं टाळायचं? फ्लॅश वापरू का? बाळ दचकतं, म्हणून नको वाटतो.

प्रतिसाद १

आधी वेळ बदला. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे सहाला उजेड संपत आलेलाच असेल. साडेचारला ठेवा, पाट गॅलरीच्या दारापाशी मांडा, थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा आणि ट्यूब बंद करा. नाहीतर अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या. तुम्ही दाराच्या बाजूला राहा, दाराकडे तोंड करून नाही.

काळं कापड चौकटीत भरलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो फोटो उजळवतो. एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा ते) उणे २/३ ते उणे १ करा आणि रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये. काटे दिसतील.

बोरांसाठी शटर १/५०० सेकंद तरी हवं. १/१२५ ला रेघाच येतात. १८-५५ लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी), तुमची ५० एमएम तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनक्षमता, ३२०० पर्यंत गेला तरी चालेल. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. फोकस एआय सर्वोवर ठेवा, म्हणजे बाळ हललं तरी फोकस त्याच्या मागे जात राहतो. फ्लॅश नकोच.

प्रतिसाद २

५० एमएम या कॅमेऱ्यावर ८० सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी जागा मावते. लहान हॉलमध्ये बाळाचा चेहरा छान येईल, पण बोरं वेचणारी पोरं चौकटीत मावणार नाहीत. कुणाकडे २४ एमएम एफ/२.८ असेल तर मागून आणा. नसेल तर वेचण्याच्या वेळी १८-५५ लावा, १८ वर.

माणसांचं म्हणाल तर, तासभर आधी जा आणि कॅमेरा गळ्यात ठेवूनच मदत करा. तयारीचे फोटो काढत राहा: उसाचे करवे कापणारे हात, मुकुटाचा दोरा दातानं तोडणारी आजी. हातात काम असलं की माणूस पोझ देत नाही. औक्षण झालं की सगळ्यांचा एक रीतसर ग्रूप फोटो उरकून टाका. ज्यांना कॅमेऱ्याकडे बघायचंय त्यांचं बघून होतं, मग ते मोकळे होतात. काढलेला फोटो लगेच दाखवू नका, नाहीतर सगळे स्क्रीनभोवती गोळा होतील.

आणि खाली बसा. जमिनीवर, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला. उभ्यानं काढलेल्या फोटोत बाळाचं टाळकंच दिसतं.

एक कळकळीनं सांगते, दहा महिन्यांचं बाळ हातात येईल ते तोंडात घालतं. हलवा, बोरं, शेंगदाणे घशात अडकू शकतात. तुमचा डोळा कॅमेऱ्याला असणार, म्हणून बाळावर नजर ठेवायला एकीला नेमूनच ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. वहिनी साडेचारला तयार आहे, बाळाची झोपही तोवर झालेली असते. नजर ठेवायला मावशीला सांगितलंय. आता एकच राहिलं: बोरं वेचणारी बरीचशी मुलं सोसायटीतली असतील. त्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रूपवर टाकण्याआधी प्रत्येकाच्या आईला विचारावं असं मला वाटतं, पण कार्यक्रमाच्या गडबडीत ते कधी विचारायचं? तुम्ही आमंत्रण करतानाच सांगता का?