इंग्रजीतील लघुत्वदर्शक प्रत्यय : नियम किती, अपवाद किती?

प्रश्न : मराठीत सुरा–सुरी, डबा–डबी असे नुसते लिंग बदलूनही वस्तूचा लहानपणा दाखवता येतो. इंग्रजीत अशी काही सोय आहे का? 'बुकलेट'प्रमाणे कोणत्याही नामाला 'लेट' जोडले तर चालते का?

उत्तर : चालत नाही. इंग्रजी नामांना व्याकरणिक लिंग उरलेले नसल्यामुळे आपली सोय तिथे मुळातच नाही. प्रत्यय आहेत आणि ते पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील बहुतेक ठरावीक शब्दांपुरतेच राहिले असून एरवी 'लिटल' किंवा 'स्मॉल' या विशेषणांवरच भागवले जाते. लहान टेबलाला कोणी 'टॅब्लेट' म्हणत नाही. गंमत अशी की हा शब्द फ्रेंचमध्ये टेबलाचे लघुरूप म्हणूनच घडला होता, पण आज त्याने औषधाची गोळी किंवा हातात धरायचा संगणक एवढेच सूचित होते.

'-लेट' हा प्रत्ययही फ्रेंचमधूनच आला. पिगलेट म्हणजे डुकराचे पिल्लू, ड्रॉपलेट म्हणजे थेंबुला. मात्र शेवटी 'लेट' दिसले की लघुत्व आलेच, असे समजू नये. 'अँकलेट' म्हणजे लहान घोटा नव्हे, तर घोट्यावर घालायचा दागिना. आणि 'आउटलेट'मध्ये तर प्रत्यय नसून 'जाऊ देणे' या अर्थाचे क्रियापद आहे.

'-लिंग' (व्याकरणातील लिंगाशी याचा संबंध नाही) पिल्लांना आणि रोपांना लागतो तेव्हा निरागस असतो : डकलिंग, गॉस्लिंग, सीडलिंग, सॅपलिंग. तोच माणसांना लागला की बहुधा तुच्छता दाखवतो. 'प्रिन्सलिंग' म्हणजे वयाने लहान राजपुत्र असेलच असे नाही. बहुतेकदा तो क्षुल्लक, नाव घेण्याजोगे राज्य नसलेला राजा असतो, आणि 'अंडरलिंग' म्हणजे हाताखालचा नगण्य माणूस. 'डार्लिंग' हा ठळक अपवाद असून तो 'डिअर'च्या जुन्या रूपापासून बनला आहे.

सर्वांत गुंतागुंतीचा '-एट'. 'स्टॅच्युएट' आणि 'किचनेट' यांत तो आकार दाखवतो, 'लेदरेट'मध्ये नक्कल, म्हणजे चामड्यासारखे दिसणारे पण चामडे नसलेले कापड, तर 'अशरेट'मध्ये प्रेक्षकांना जागा दाखवणारी स्त्री. लहान, नकली आणि स्त्री हे तीन अर्थ एकाच प्रत्ययाला चिकटलेले असल्यामुळे हिणवायला तो फारच सोयीचा ठरतो. 1906 मध्ये लंडनच्या 'डेली मेल'ने मताधिकारासाठी आक्रमकपणे झगडणाऱ्या स्त्रियांना 'सफ्रजेट' म्हटले ते याच हेतूने. परंतु त्या स्त्रियांनी ते नाव आपलेसे केले आणि 1912 मध्ये त्यांच्या संघटनेने आपल्या वृत्तपत्रालाही तेच दिले. प्रत्ययातील कुत्सितपणा वापराने असा उतरवता येतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आज खऱ्या अर्थाने जिवंत आहे तो फक्त शेवटचा '-ई'. डॉगी, बर्डी, जॉनी, बिली ही रूपे लाडाची आहेत, त्यामुळे ती गंभीर लेखनात शोभत नाहीत. ऑस्ट्रेलियात मात्र मोठी माणसेही 'ब्रेकफास्ट'ला 'ब्रेकी' आणि 'मॉस्किटो'ला 'मॉझी' सर्रास म्हणतात. तिथे आकार किंवा माया यांपेक्षा सलगीच अधिक असते. 'सेल्फी' हा शब्दही तिथलाच.

पुरवणी प्रश्न : मग 'नॅपकिन'मधले 'किन' काय आहे?

उत्तर : तोही लघुत्वाचाच प्रत्यय. 'नेप' म्हणजे मेजावरचे कापड, आणि त्याचे छोटे रूप 'नॅपकिन'. 'लॅम्बकिन'मध्ये हा प्रत्यय अजून ओळखू येतो, 'नॅपकिन'मध्ये येत नाही, कारण मूळ 'नेप'च प्रचारातून गेला. 'मसल'ची गत याच्याही पुढची आहे : लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'छोटा उंदीर', आणि तो प्रत्यय लॅटिनमध्येच लागलेला असल्याने इंग्रजी बोलणाऱ्याला तिथे काही जोडलेले आहे याची शंकाही येत नाही.