तीन ठिकाणचे भाव पाहून पैज लावली तर खरोखर फायदा होतो का?

प्रश्न : आडतीवरचा हिशेबनीस, सोलापूर

येथील बाजार समितीत कांद्याच्या एका आडत दुकानाचा हिशेब मी बरीच वर्षे लिहितो आहे. माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टर येथे शिकतो. तेथे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला परवानाधारक कंपनीकडे खेळांवर पैज लावण्याची कायद्याने मुभा आहे. दर शनिवारी तो एखाद्या सामन्यावर दहा पौंड लावतो. मात्र त्याआधी तीन-चार कंपन्यांचे भाव पाहतो आणि जेथे जास्त मिळेल तेथेच पैसे ठेवतो. “मामा, गाडी भरण्याआधी शेतकरी सोलापूर, लासलगाव आणि बंगळूरचा दर फोनवर विचारतो, मीही तेच करतो,” असे तो म्हणतो. त्याला रागावण्याआधी मला आकडे समजून घ्यायचे आहेत. १.९० ऐवजी २.०० भाव मिळाला तर नेमका किती फरक पडतो, आणि एवढ्या बळावर माणूस नफ्यात राहू शकतो का?

उत्तर : संख्याशास्त्राचा शिक्षक, होटगी रस्ता

आपल्या भाच्याची पद्धत चुकीची नाही, पण ती काय करते आणि काय करत नाही हे वेगळे करून पाहावे लागेल. दशांश पद्धतीत १.९० भाव म्हणजे दहा पौंड लावून जिंकल्यास मुद्दलासह १९ पौंड परत. १ ला भावाने भागले की त्या भावात गृहीत धरलेली शक्यता मिळते; १.९० साठी ती ५२.६३ टक्के येते. टेनिसच्या सामन्यात दोन्ही खेळाडूंना १.९० भाव दिला असेल, तर बेरीज १०५.२६ टक्के होते. प्रत्यक्षात शक्यतांची बेरीज १०० पेक्षा जास्त असू शकत नाही, वरचे ५.२६ हीच कंपनीची कसर, आणि ती भावातच मुरलेली असल्यामुळे पावतीवर कोठेही दिसत नाही.

आता दुसऱ्या कंपनीने पहिल्या खेळाडूला २.०० आणि दुसऱ्याला १.८३ भाव दिला आहे असे समजा. तिची स्वतःची बेरीज १०४.६४ आहे. पण पहिल्यासाठी तिचा २.०० आणि दुसऱ्यासाठी आधीच्या कंपनीचा १.९० असे दोन्हीकडचे चांगले भाव घेतले, तर बेरीज १०२.६३ वर येते, म्हणजे कसर निम्मी झाली. दहा पौंडांच्या शंभर पैजांपैकी पन्नास जिंकल्या असे धरले, तर १.९० ने ५० पौंड तोटा होतो आणि २.०० ने तोटाही नाही, नफाही नाही. हा फरक लहान नाही.

मात्र दर शंभरात पन्नास जिंकणे हे भाव पाहून ठरत नाही. नफा व्हायचा असेल, तर घेतलेला भाव खऱ्या शक्यतेवरून निघणाऱ्या भावापेक्षा जास्त असावा लागतो, आणि खरी शक्यता कोणाच्याही फलकावर लिहिलेली नसते. तिचा बऱ्यापैकी अंदाज सामना सुरू होण्याच्या क्षणीच्या भावावरून येतो, कारण तोपर्यंत संघ, हवामान आणि जाणकारांचा पैसा हे सारे त्यात उतरलेले असते. आपला भाचा सातत्याने त्या शेवटच्या भावापेक्षा वरचा भाव घेत असेल, तरच त्याच्या निवडीत काही अर्थ आहे असे मी मानेन. पाच-दहा पैजांच्या निकालावरून काहीही ठरवू नये.

उत्तर : काही वर्षे लंडनमध्ये राहून परतलेला वाचक

गुरुजींच्या हिशेबाला प्रत्यक्षातली थोडी जोड देतो. दर लासलगावला जास्त असला, तरी गाडीभाडे, हमाली आणि तोलाई वजा केल्यावर हातात काय उरते ते आपण पाहता; येथेही तसेच पाहावे. पैज लावणारे परस्परांशी व्यवहार करतात अशा ठिकाणी २.०४ भाव दिसतो आणि तो २.०० पेक्षा चांगला वाटतो. पण जिंकलेल्या रकमेवर ५ टक्के कमिशन असेल, तर तो प्रत्यक्षात १.९८८ पडतो.

कधी एकीकडे २.१० आणि दुसरीकडे १.९५ भाव सापडतो. बेरीज ९८.९० होते, आणि दोन्ही बाजूंना प्रमाणात पैसे लावले तर शंभर पौंडांवर सुमारे १.११ पौंड निश्चित सुटतात, असे कागदावर दिसते. पण टेनिसपटूने मध्येच माघार घेतली, तर एक कंपनी पैज रद्द करते आणि दुसरी एक सेट पूर्ण झाला असेल तर निकाल धरते; मग एक बाजू उघडी पडते. उघड चुकीचा भाव दिला गेल्यास पैज रद्द करण्याचा अधिकारही कंपन्या नियमांत राखून ठेवतात. आणि जो ग्राहक नेहमी वरचाच भाव उचलतो, त्याची पैजेच्या रकमेची मर्यादा कमी केली जाते. एका कंपनीने माझी मर्यादा कोणतेही कारण न देता दोन पौंडांवर आणली होती. सहा महिने मांडलेल्या हिशेबाचा त्यानंतर काही उपयोग राहिला नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

उपप्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरचा वाचक

मग असे सोलापुरातून मोबाईलवर करता येईल का? क्रिकेटचे भाव देणारी परदेशी संकेतस्थळे येथेही उघडतात.

उत्तर : जिल्हा न्यायालयात वकिली करणारा वाचक

कृपया करू नये. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या केंद्रीय कायद्यात शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नाही, हे खरे आहे. पण राज्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहेच, आणि परदेशी कंपनीने पैसे अडवून ठेवले तर दाद मागायला आपल्याकडे जागा नाही. संकेतस्थळ उघडते म्हणजे ते कायदेशीर आहे, असा अर्थ होत नाही.

आपल्या राज्यात उघडपणे भावांची तुलना करता येते ती पुणे आणि मुंबई येथील घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर, कारण तेथे १९१२ च्या कायद्याखाली परवाना असतो. परवानाधारक बुकी शेजारी शेजारी उभे असतात आणि त्यांच्या फलकांवरचे भाव फिरून पाहता येतात. टोटवर, म्हणजे सामायिक पैजेच्या खिडकीवर, मात्र सर्वांचे पैसे एकत्र करून कपातीनंतर उरलेली रक्कम विजेत्यांत वाटतात, त्यामुळे अंतिम भाव पैजा बंद झाल्यावरच कळतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. भाच्याच्या वहीत लावलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम एवढे दोनच रकाने आहेत, हे आज त्याला विचारल्यावर कळले. मिळालेला भाव, सामना सुरू होतानाचा भाव आणि कापलेले कमिशन असे आणखी तीन रकाने आखायला सांगितले आहेत. ते भरेपर्यंत दहा पौंडांच्या वर जाणार नाही, असे त्याने कबूल केले आहे, आणि दर महिन्याला ती वही माझ्याकडे पाठवणार आहे.